पाटबंधाऱ्यांवरील भांडवल कोठें व कसें गुंततें? : करमाळा तालुक्याच्या दृष्टीनें विचार

करमाळा तालुक्यांतील शेतकरी चार ठिकाणीं जमले म्हणजे पाण्याविषयीं तीन प्रश्न हटकून निघतात. दहिगांव उपसा योजनेचें पाणी शेवटच्या चारीपर्यंत केव्हां पोंचणार. कुकडीच्या कालव्याचें पाणी आपल्या हद्दींत नियमानें केव्हां येणार. आणि कोरडवाहू गांवांसाठीं रिटेवाडी येथून उजनीचें पाणी उचलण्याची जी मागणी आहे तिचें पुढें काय होणार. ह्या प्रश्नांचीं उत्तरें आपण बहुधा पावसांत, धरणाच्या पातळींत किंवा पुढाऱ्यांच्या वजनांत शोधतों. त्या गोष्टींचा संबंध आहेच. परंतु तिन्ही प्रश्नांच्या मुळाशीं आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पाटबंधाऱ्यांच्या कामांस दरवर्षीं मिळणाऱ्या पैशाची वांटणी. हा पैसा कोण वांटतो, कोणत्या कसोट्या लावून वांटतो, आणि त्या वांटणींत आपल्या तालुक्याचें हित कशांत आहे, ह्याची माहिती सभासदांस असावी ह्या हेतूनें पुढील विवेचन केलें आहे.

तालुक्याची स्थिति

सोलापूर जिल्ह्याचें वार्षिक पाऊसमान सुमारें ५०० ते ५५० मिलिमीटर, आणि तेंहि एका वर्षासारखें दुसऱ्या वर्षीं नाहीं. करमाळा तालुक्याच्या पश्चिमेस भीमा व पूर्वेस सीना. मधला माळ उंच व कोरडा. करमाळ्याच्या श्रीकमलाभवानीच्या देवालयाजवळील शहाण्णव पायऱ्यांची विहीर सर्वांच्या परिचयाची आहे. ह्या भूमींत पाण्यासाठीं किती खोल उतरावें लागतें, हें पूर्वजांनीं दगडांत बांधून ठेवलें आहे.

भीमेवरील उजनी धरणाचा पायाभरणी समारंभ १९६६ सालीं यशवंतराव चव्हाण यांचे हस्तें झाला व १९८० सालीं धरण पुरें झालें. धरणाची भिंत माढा तालुक्यांत. पण पाण्याचा फुगवटा करमाळ्याच्या पश्चिम सरहद्दीवर पसरलेला आहे. ह्या फुगवट्याखालीं आपल्या तालुक्यांतील नदीकांठच्या काळ्या जमिनी गेल्या, गांवें उठून वर सरकलीं. कंदर, वांगी, केत्तूर ह्या बाजूच्या कांठावरील शेतकऱ्यांनीं पुढें स्वतःच्या खर्चानें पंप बसवून ऊंस व केळीचे मळे उभे केले. कंदरची केळी आज परदेशीं जातात. परंतु कांठापासून दूर गेलें कीं ज्वारी, तूर व उडीद हींच पिकें, आणि तीं पावसाच्या भरंवशावर. तालुक्यांत कान्होळा नदीवरील मांगीचा तलाव आहे, पूर्वेस परंडा तालुक्यांत बांधलेल्या सीना-कोळेगांव धरणाचा फुगवटा आहे, आणि जुन्नरकडून येणाऱ्या कुकडीच्या डाव्या कालव्याचें शेपूटहि आपल्याच हद्दींत येतें. म्हणजे नकाशावर पाहिलें तर पाणी चोहोंकडे आहे. शिवारांत पाहिलें तर तें थोड्यांच्याच वांट्यास आलेलें आहे. ह्या दोहोंमधील अंतर भरून काढण्यास जें लागतें तेंच भांडवल होय.

पैसा देणारी संस्था

पाटबंधाऱ्यांवर सरकारनें पैसा कां घालावा, हा वाद जुना आहे. सोलापुराजवळचा एकरूखचा तलाव १८७१ सालीं पुरा झाला. त्या काळीं दख्खनच्या कामांविषयीं सरकारी अंमलदारांची मोठी तक्रार अशी होती कीं, पाटांत पाणी सोडलें तरी शेतकरी तें घेत नाहींत. पाऊस चुकला म्हणजे मात्र सगळेच मागतात. १९०१ ते १९०३ ह्या काळांत सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या पाटबंधारे कमिशननें ह्या कामांकडे पाहण्याची दृष्टि स्पष्ट केली : कांहीं कामें व्याज भरून काढणारीं, म्हणजे उत्पादक, आणि कांहीं दुष्काळ टाळणारीं, म्हणजे संरक्षक. दख्खनचीं कामें दुसऱ्या प्रकारचीं. विश्वेश्वरय्या ह्यांनीं नीरा कालव्यावर जी ब्लॉकची पद्धति सुरू केली, तिचें मर्महि ह्याच अनुभवांत होतें. ठराविक क्षेत्रास ठराविक मुदतीची हमी दिली म्हणजे शेतकरी पाणी घेतो व पैसेहि भरतो. हमी नसलेल्या पाण्यावर घातलेलें भांडवल बुडतें, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

आपल्या खोऱ्यांत आज हें काम महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे आहे. त्याची स्थापना १९९६ सालीं कायद्यानें झाली; मुख्य कचेरी पुण्यास. कृष्णा पाणी तंट्याच्या बच्छावत लवादानें १९७६ सालच्या अंतिम निर्णयान्वयें महाराष्ट्रास ५६० अब्ज घनफूट पाणी दिलें होतें, व त्या निर्णयाचा फेरविचार २००० सालच्या मे अखेरीनंतर व्हावयाचा होता. तत्पूर्वीं आपल्या हिश्शाचें पाणी अडविलें नाहीं तर हक्क सांगण्यास अडचण येईल, अशी भीति होती. सरकारच्या तिजोरींत तितका पैसा नव्हता. म्हणून महामंडळ स्थापून, शासनाच्या हमीवर कर्जरोखे काढून भांडवल उभारण्याचा मार्ग पत्करला गेला. पुढें १९९७ व १९९८ सालीं विदर्भ, तापी, कोंकण व गोदावरी मराठवाडा अशीं आणखी महामंडळें ह्याच धर्तीवर निघालीं.

कर्जाच्या पैशाचा गुण असा कीं काम लवकर सुरू होतें. दोष असा कीं व्याजहि लगेच सुरू होतें. मुदत गांठावयाची म्हणून अनेक धरणें एकाच वेळीं हातीं घेतलीं गेलीं. पाणी अडविणें हा हेतु असल्यामुळें भिंती आधीं झाल्या, कालवे मागें राहिले, व चाऱ्या त्याहूनहि मागें. पाणीपट्टींतून कर्ज फेडण्याची कल्पना व्यवहारांत उतरली नाहीं, व तो भार राज्याच्या अंदाजपत्रकावर आला. त्यांतच प्रादेशिक अनुशेषाचा प्रश्न होता. १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें स्थापन झाल्यानंतर राज्यपालांच्या निर्देशांप्रमाणें पाटबंधाऱ्यांचा पैसा विभागवार वांटला जाऊं लागला, आणि विदर्भ-मराठवाड्याचें मागासलेपण भरून काढणें न्याय्यच होतें. पण त्यामुळें कृष्णा खोऱ्यांतील अर्धवट कामांस दरसाल मिळणारी रक्कम आंखडली. २०१२ सालीं राज्यांतील पाटबंधाऱ्यांवरील खर्चाविषयीं मोठा वाद होऊन शासनानें श्वेतपत्रिका काढली, व डॉ. माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखालील विशेष पथकानें २०१४ सालीं अहवाल दिला. कामांच्या किंमती कशा वाढत गेल्या, हा त्या सर्व चर्चेचा मुख्य विषय होता.

कसोट्या कोणत्या?

एखादें काम हातीं घ्यावें कीं नाहीं, हें ठरवितांना चार पायऱ्या ओलांडाव्या लागतात.

पहिली पायरी पाण्याची. त्या जागीं, त्या हिश्शांत, खरोखर पाणी उरलें आहे काय, ह्याचा दाखला लागतो. शंभर वर्षांपैकीं किती वर्षें तितकें पाणी मिळेल, ह्यास विश्वासार्हता म्हणतात. मोठ्या कामांस सामान्यतः पाऊणशें वर्षांची, म्हणजे ७५ टक्क्यांची कसोटी लावतात.

दुसरी पायरी लाभ-व्ययाची. पाणी आल्यावर उत्पन्नांत दरसाल पडणारी भर एका बाजूस, आणि भांडवलावरील व्याज, घसारा, देखभाल व उपसा असल्यास विजेचा खर्च दुसऱ्या बाजूस. पहिल्यास दुसऱ्यानें भागून जो आंकडा येतो तो साधारण तालुक्यांत दीड असावा लागतो. अवर्षणप्रवण भागास सवलत म्हणून तो एक असला तरी चालतो. ही सवलत आपल्यासारख्या भागांस फार महत्त्वाची आहे. पण तिच्यामुळें निष्काळजी होऊन चालणार नाहीं. आंकडा एक असलेल्या योजनेंत लाभ व खर्च समसमान असतात. तेथें काम थोडें लांबलें किंवा पाणी थोडें कमी आलें कीं योजना तोट्यांत गेली.

तिसरी पायरी मान्यतेची. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्यानें अस्तित्वांत आलें. नवा प्रकल्प राज्याच्या एकात्मिक जल आराखड्याशीं जुळतो काय, आणि पाणी, अर्थ व पर्यावरण ह्या दृष्टींनीं तो टिकेल काय, हें पाहण्याचें काम त्या कायद्यानें प्राधिकरणाकडे दिलें आहे. असा आराखडा तयार नसतांना प्रकल्पांस मान्यता दिल्याचा प्रश्न २०१४ सालीं उच्च न्यायालयापुढें गेला, व त्यानंतरच आराखड्याच्या कामास वेग आला. ह्यानंतर शासनाची प्रशासकीय मान्यता. आणि किंमत वाढली कीं सुधारित प्रशासकीय मान्यता. आपल्या कानावर जो ‘सुप्रमा’ हा शब्द वारंवार येतो तो हाच.

चवथी पायरी प्रत्यक्ष तरतुदीची. येथेंच बहुतेकांची फसगत होते. मान्यता म्हणजे पैसा नव्हे. मान्यता मिळालेल्या कामांची बेरीज ही दरसाल उपलब्ध होणाऱ्या रकमेच्या कितीतरी पट असते. म्हणून अंदाजपत्रकांत कोणत्या कामास किती रक्कम पडली, हाच खरा निर्णय. बाकीच्या पायऱ्या त्या निर्णयाची तयारी.

वांटणीचा एक साधा हिशेब

समजा, महामंडळाजवळ दरसाल ५० कोटि रुपये आहेत, व प्रत्येकीं १०० कोटींचीं पांच कामें पुढें आहेत. पांचही तालुक्यांस खूष ठेवावयाचें म्हणून दरेकास दरसाल १० कोटि दिले, तर दहा वर्षांनीं पांचही कामें एकदम पुरीं होतील. तोंपर्यंत एकाहि शेतांत पाणी नाहीं. उलट, सगळी रक्कम एकाच कामास देत गेलें, तर दर दोन वर्षांस एक काम पुरें होईल. पहिल्या कामाचें पाणी दहा वर्षांपैकीं आठ वर्षें वापरलें जाईल, दुसऱ्याचें सहा, तिसऱ्याचें चार, चवथ्याचें दोन. आणि पांचवें काम दहाव्या वर्षीं पुरें होईल, म्हणजे पहिल्या पद्धतींत जेव्हां व्हावयाचें होतें तेव्हांच. खर्च तितकाच; कोणाचेंहि नुकसान नाहीं; आणि वीस कामवर्षांचें पाणी पदरांत.

हा हिशेब इतका सरळ असतां उलट कां घडतें? कारण पहिला नंबर कोणाचा, हें ठरविणें कठीण आहे. ज्या तालुक्याचा नंबर पांचवा लागेल तेथील मंडळींस शेवटीं तरी पैसा उरेल असा भरंवसा नसतो. म्हणून थोडें कां होईना, पण आज काम सुरू व्हावें असा प्रत्येकाचा आग्रह असतो. भूमिपूजन झालें म्हणजे काम आपलें झालें, असें वाटतें. ह्या भीतींत तथ्य नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. परंतु तिची किंमत सर्वांसच मोजावी लागते.

विलंबाची किंमत व्याजाच्या रूपानेंहि पाहतां येईल. १०० कोटींचें काम दरसाल २० कोटि घालून पांच वर्षांत केलें, आणि व्याज शेंकडा १० धरलें, तर काम पुरें होतांना गुंतलेली रक्कम सुमारें १२२ कोटि होते. तेंच काम दरसाल ५ कोटि घालून वीस वर्षांत केलें तर ती सुमारें २८६ कोटि होते. ह्यांत सिमेंट, लोखंड, मजुरी व जमिनीच्या मोबदल्याची भाववाढ धरलेली नाहीं. पांच वर्षांच्या हिशेबानें जी योजना लाभाची ठरली होती, ती वीस वर्षांत तशी राहूं शकत नाहीं. दहिगांवच्या योजनेचा विचार एकोणिसशें नव्वदच्या दशकांतला. तिचें पाणी प्रत्यक्ष फिरूं लागण्यास सुमारें वीस वर्षें लागलीं, हें तालुक्यास ठाऊकच आहे.

केंद्र सरकारनेंहि हा धडा घेतलेला दिसतो. १९९६-९७ सालीं अर्धवट कामांस वेग देण्यासाठीं निराळी मदत सुरू झाली. २०१५ सालीं प्रधानमंत्री कृषि सिंचाई योजना निघाली. आणि तिच्यांत देशांतील ९९ अर्धवट प्रकल्प निवडून, नाबार्डमध्यें निराळा निधि उभारून, तेच आधीं पुरे करण्याचें ठरलें. निवडक कामें पुरीं करावयाचीं, हें तत्त्व योग्य आहे. तें राज्यांत व खोऱ्यांतहि लागू झालें पाहिजे.

उपशाचा हिशेब

करमाळ्याचा प्रश्न इतर तालुक्यांहून एका बाबतींत निराळा आहे. आपलें बहुतेक नवें पाणी उताराचें नव्हे, चढाचें आहे. दहिगांव योजना उजनीच्या फुगवट्यांतून दहिगांव व कुंभेज अशा दोन टप्प्यांनीं पाणी उचलते. नियोजित क्षेत्र सुमारें साडेदहा हजार हेक्टर. उताराच्या कालव्यांत एकदां भांडवल घातलें कीं पाणी आपोआप वाहतें. उपशाच्या योजनेंत दर थेंबामागें वीज मोजावी लागते, व ती योजना असेपर्यंत मोजावी लागते.

एक अब्ज घनफूट पाणी, म्हणजे सुमारें २ कोटि ८३ लक्ष घनमीटर, एक मीटर उंच उचलण्यास, पंप शेंकडा ७५ कार्यक्षम धरले तर सुमारें एक लक्ष युनिट वीज लागते. उदाहरणादाखल एकूण चढ ६० मीटर धरला तर एक अब्ज घनफुटास सुमारें ६२ लक्ष युनिट. आतां हें एका हेक्टराच्या मापानें पाहूं. रब्बी ज्वारीस तीन पाळ्या, दर पाळीस ७५ मिलिमीटर धरल्या, तर शेतांत २,२५० घनमीटर पाणी पडावयास हवें. उघड्या कालव्यांत व चाऱ्यांत निम्में पाणी वाटेंत मुरतें असें धरलें तर ४,५०० घनमीटर उचलावें लागेल. वीज सुमारें ९८० युनिट. तेंच पाणी बंद नळांतून नेऊन वाटेंतील नुकसान दहाव्या हिश्शावर आणलें तर २,५०० घनमीटर पुरे. वीज सुमारें ५४५ युनिट. आणि त्याच हेक्टरांत पाटानें ऊंस केला, शेतांत २०,००० घनमीटर लागलें, व निम्में वाटेंत गेलें, तर ४०,००० घनमीटर उचलावें लागेल. वीज सुमारें ८,७०० युनिट.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक ही कीं, उपशाच्या योजनेंत बंद नळांवर घातलेलें भांडवल दुहेरी फळ देतें. पाणी वांचतें व वीजहि वांचते. एक अब्ज घनफूट पाण्यांत उघड्या चाऱ्यांनीं सुमारें ६,३०० हेक्टर ज्वारी भिजत असेल, तर नळांनीं ११,३०० हेक्टरांपर्यंत भिजूं शकेल. शेतजमिनीचें संपादन टळतें, हा तिसरा फायदा. दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या वागणुकीची. योजनेचा लाभ-व्ययाचा हिशेब हंगामी व आठमाही पिकें धरून केलेला असतो. वरच्या चारीवर पाटाचा ऊंस उभा राहिला म्हणजे त्या एका हेक्टरांत आठ-नऊ हेक्टर ज्वारीचें पाणी व वीज जाते, आणि शेवटच्या चारीवरील शेतकऱ्याचा लाभ कागदावरच राहतो. ठिबकानें ऊंस केला तर हें अंतर पुष्कळ कमी होतें, हेंहि सांगितलें पाहिजे.

विजेचें बिल कोण देतो, हा पुढचा प्रश्न. कृष्णा खोऱ्यांतील ताकारी, म्हैसाळ व टेंभू ह्या मोठ्या उपसा योजनांसाठीं शासनानें ८१ टक्के व लाभधारकांनीं १९ टक्के, अशी विभागणी ठरविण्यांत आली. ही मोठी सवलत आहे. पण जी सवलत दरसालच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असते, ती जपून वापरली पाहिजे. ज्या योजनेचें १९ टक्केहि वसूल होत नाहींत, तिचे पंप ऐन पाळीच्या वेळीं बंद पडण्याचा धोका राहतो.

उजनीची पातळी व नवीं मागणीं

उजनीचा एकूण साठा सुमारें ११७ अब्ज घनफूट. त्यांपैकीं उपयुक्त ५३.५७ व मृत ६३.६६. म्हणजे मृत साठा उपयुक्ताहून मोठा आहे. मृत म्हणजे निरुपयोगी नव्हे. कालव्यांत तो उतारानें जात नाहीं इतकेंच. पण फुगवट्याच्या कांठावरील करमाळ्याच्या दृष्टीनें त्याचा अर्थ असा कीं, पातळी खालीं गेली म्हणजे पाणी डोळ्यांसमोर असतें, परंतु पंपापासून दूर सरकतें. २०२३ च्या पावसाळ्यांत धरण पूर्ण भरलें नाहीं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत साठा मृत पातळीच्या पुष्कळ खालीं गेला. कांठच्या शेतकऱ्यांस पंप व नळ पाण्यामागें न्यावे लागतात, ते अशाच वर्षीं. म्हणून कोणत्याहि नव्या उपसा योजनेंत विहिरीचा तळ किती पातळीवर आहे, व किती टक्के साठ्यापर्यंत ती चालेल, हा पहिला प्रश्न विचारावा. चांगल्या वर्षींच चालणाऱ्या योजनेची गरज थोडी. गरज असते ती वाईट वर्षीं.

उजनीवर मागणी करणारे आपण एकटे नाहीं. खालीं माढा, पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा व दक्षिण सोलापूरचे कालवे, सोलापूर शहराचें पिण्याचें पाणी, साखर कारखाने, आणि कृष्णा-मराठवाडा योजना. ह्या शेवटच्या योजनेचा हक्क २३.६६ अब्ज घनफुटांचा ठरविला गेला, व पहिल्या टप्प्यांत ७ अब्ज घनफूट हातीं घेतलें. तिचा बोगदा आपल्याच तालुक्यांतील जेऊर येथून मिरगव्हाणकडे जातो. आपल्या पायांखालून पाणी जातें व आपणांस मिळत नाहीं, असा उद्गार त्या वाटेवरील गांवांतून निघतो. तो स्वाभाविक आहे. परंतु धाराशिव व बीडच्या शेतकऱ्याची तहान आपल्याहून निराळी नाहीं. खरा विचार हा कीं, एकाच जलाशयावर जितके हक्क लिहिले गेले, त्यांची बेरीज टंचाईच्या वर्षीं भरेल काय, आणि न भरल्यास तूट कोणी किती सोसावी, हें आधीं ठरलें आहे काय. तें ठरल्यावांचून घातलेलें प्रत्येक नवें भांडवल जुन्या भांडवलाच्या पाण्यांतून वांटा घेतें. कुकडीच्या कालव्याचें हेंच झालें आहे. सुमारें अडीचशें किलोमीटर लांबीच्या पाटावर वरची मागणी वाढली कीं शेपटाकडील करमाळ्याची पाळी आपोआप आंखडते.

आणि २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेस जो महापूर आला, त्यानें दुसरी बाजूहि दाखविली. पूररेषा, धरणांतून पाणी सोडण्याची आगाऊ सूचना, ओढ्यांवरील पूल व बंधारे ह्यांवरचा खर्चहि पाण्याच्याच भांडवलांत धरला पाहिजे. तो दुष्काळी तालुक्यांत विसरला जातो.

देखभालीचा उपेक्षित पैसा

नव्या कामास नांव मिळतें, दुरुस्तीस मिळत नाहीं. प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणें पाणीपट्टी अशी असावी कीं तींतून व्यवस्थापन व देखभालीचा खर्च निघावा. धरणाचें भांडवल शेतकऱ्याकडून वसूल करावयाचें नाहीं. म्हणजे आपण भरतों ती पट्टी आपल्याच चारीच्या दुरुस्तीची आहे. पट्टी थकली कीं दुरुस्ती थकते. दुरुस्ती थकली कीं पाणी शेवटास जात नाहीं. आणि पाणी न मिळालेला शेतकरी पट्टी कां भरील? हें चक्र कोठें तरी तोडावयाचें तर २००५ च्या दुसऱ्या कायद्यानें, म्हणजे शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचें व्यवस्थापन करण्याच्या कायद्यानें, वाट दिली आहे. पाणीवापर संस्था नोंदवून पाणी मोजून घ्यावयाचें, आंत सभासदांनीं वांटून घ्यावयाचें. मोजून घेतलें म्हणजे वरच्यानें किती घेतलें हें कागदावर येतें, आणि शेवटच्याच्या तक्रारीस आधार मिळतो.

आपण काय मागावें?

रिटेवाडीच्या मागणीविषयीं तालुक्यांत दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, दहिगांवची वितरण व्यवस्था पुरी झाल्यावांचून नवी योजना काढूं नये. दुसरें असें कीं, ज्या गांवांस आजवर कांहींच मिळालें नाहीं त्यांस आणखी किती थांबवावयाचें. दोहोंतहि सत्य आहे. आमच्या मतें तोडगा असा : पहाणी, पाण्याचा दाखला व पातळीचा अभ्यास आतांच पुरा करून घ्यावा, कारण त्यास भांडवल थोडें व वेळ फार लागतो, त्याच काळांत दहिगांवची शेवटची नळी शेवटच्या शेतांत पोंचवावी, आणि नव्या योजनेची कुदळ मारावयाची तर ती शेवटच्या शेतापर्यंतच्या पैशाची सालवार तरतूद लेखी ठरल्यावरच. पंपगृह आज आणि नळ पुढें केव्हां तरी, असा अर्धा तुकडा पदरीं घेऊं नये.

ह्या दृष्टीनें सभासदांनीं आपल्या गांवच्या सभेंत, कालवा सल्लागार समितींतील प्रतिनिधीस, तसेंच महामंडळाच्या कार्यकारी अभियंत्यांस पुढील प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या योजनेस चालू सालीं किती रक्कम मंजूर झाली, व काम पुरें होण्यास एकूण किती उरली आहे? ह्या गतीनें काम कोणत्या सालीं पुरें होईल? पाण्याचा दाखला किती विश्वासार्हतेचा आहे? उजनीच्या कोणत्या पातळीपर्यंत पंप चालतील? विजेचा दर हेक्टरीं भार किती, व तो कोणावर? लाभ-व्ययाच्या हिशेबांत कोणतीं पिकें धरलीं आहेत? आणि शेवटच्या चारीवर गेल्या वर्षीं प्रत्यक्ष किती पाळ्या मोजल्या गेल्या?

हे सात प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाहीं. माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्यानें आपल्या हातीं आहे. अर्ज करून ह्यांचीं उत्तरें मिळवितां येतात. चारीनिहाय अशीं उत्तरें गोळा करून तीं एका वहींत नोंदून ठेवलीं, तर पुढील अंदाजपत्रकापूर्वीं तालुक्याची मागणी आंकड्यांनिशीं मांडतां येईल. ज्या गांवांत पाणीवापर संस्था नोंदली गेली असेल त्यांनीं हें काम संस्थेच्या चिटणीसाकडे द्यावें. जेथें नसेल तेथें येत्या रब्बीपूर्वीं ती नोंदवून घ्यावी, म्हणजे पहिल्या पाळीपासून पाणी मोजून घेतां येईल.